विहिरीवरचं आग्यामोहोळ आणि उसाची तोड

दिवाळी सरली की आमच्या कोल्हापूरच्या राधानगरी रोडच्या पट्ट्यात मला हमखास फोन येतात, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो येतो, वैनी झाडावर मोहोळ बसलंय, काय करायचं, जाळायचं का. आमच्या मळ्यातल्या घरामागं विहिरीवर एक जुनं उंबर आहे आणि मी लग्न होऊन आल्यापासून बघतेय, दरवर्षी त्यावर आग्यामोहोळ बसतंच, त्यामुळं लोकांना वाटतं हिला माहीत असणार. इतकी वर्षं त्या माशांच्या शेजारी राहून, मध काढणाऱ्या लोकांशी बोलून, डॉक्टरांना विचारून बरंच कळलंय खरं, आणि ते फोनवर तुकड्या-तुकड्यात सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहिते. लांबणार आहे, पण ज्यांच्या बांधावर मोहोळ आहे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

पहिलं म्हणजे ते नक्की काय आहे ते बघा, कारण येणाऱ्या फोटोंतले कितीतरी आग्याचे नसतातच. वळचणीला कागदासारखं राखाडी घरटं लटकत असेल तर ती गांधीलमाशी, तिचा मधाशी काही संबंध नाही. डाळिंबाच्या नाहीतर मेंदीच्या झुडपात तळहाताएवढं एकच पोळं आणि अगदी बारक्या माशा असतील तर ती फुलोरी, ती सहसा कुणाच्या वाटेला जात नाही, राहू द्या तिला. भिंतीच्या भोकात, झाडाच्या ढोलीत, जुन्या पेटाऱ्यात आत लपून बसलेली असेल तर सातेरी, ती लाकडी पेटीत पाळता येते, आपल्या भुदरगडात पाटगावची तर मधाचं गाव म्हणूनच ओळख झालीय. आणि उंच फांदीला, पाण्याच्या टाकीखाली, पुलाच्या पोटाला, कड्याच्या कपारीत उघड्यावरच एकच मोठं अर्धगोल पोळं लटकतंय आणि त्यावर काळपट सोनेरी माशांचा जाड पडदा आहे, तर ते आग्या. तीन-चार फूट रुंदी सहज असते, माशी सातेरीच्या जवळजवळ दीडपट लांब, आणि एका मोठ्या मोहोळात पन्नास हजाराच्या पुढं माशा असू शकतात. ही पेटीत राहत नाही. कितीही कुणी सांगितलं की पेटी आणतो आणि धरून नेतो, तरी आग्या पेटीत टिकत नाही, तिला उघडंच लागतं.

दुसरी गोष्ट जी लोकांना सांगितली की त्यांचा जीव अर्धा खाली पडतो, ती म्हणजे आग्या कायमची नसते. पाऊस संपून फुलोरा सुरू झाला की ती येते, आमच्याकडं ऑक्टोबर-नोव्हेंबरात, आणि उन्हाळा कडक होऊन फुलं संपली नाहीतर वळवाचा पाऊस झोडपायला लागला की मोहोळ रिकामं करून निघून जाते. पुढच्या वर्षी पुन्हा त्याच झाडावर, कित्येकदा त्याच फांदीवर येते. आता येणाऱ्या माशा जाणाऱ्याच असतात असं नाही, कामकरी माशीचं आयुष्यच काही आठवड्यांचं, तरी वसाहत जागा धरून असते हे संशोधकांनीही तपासून बघितलंय. एकेका झाडावर शंभराच्या घरात मोहोळं बसलेली झाडं दक्षिण भारतात आहेत. आमच्या उंबरावर तेवढी नाहीत, पण सावर आणि करंज फुलायच्या दिवसांत विहिरीवर उभं राहिलं की तो आवाज ऐकू येतो, एकसारखा, मोटर चालू राहिल्यासारखा वाटावा इतका.

मामांकडं, म्हणजे माझ्या सासऱ्यांकडं, जुनी दुर्बीण आहे, त्यातून मी गच्चीवरनं मोहोळ बघत बसते. जे दिसतं ते पोळं नसतंच, माशांचेच थर असतात, एकीचे पाय दुसरीला धरलेले, डोकी वर, पोटं खाली. पोळं त्या पडद्याच्या आत. खालच्या बाजूला एक जागा अशी असते जिथं थोडी वर्दळ चालू असते, जाणं-येणं तिथनंच. आणि मधेच गांधीलमाशी घिरट्या घालायला आली की एका माशीनं पोट झटकन वर उचललं, तिच्या शेजारचीनं उचललं, तिच्या शेजारचीनं, आणि उभ्या गव्हावरनं वारं जावं तशी एक चकाकती लाट सगळ्या मोहोळावरनं सर्रकन फिरते. गांधीलमाशी बिचकते आणि लांब जाते. हे नुसतं बघायला सुंदर आहे म्हणून सांगत नाही, ह्याचा उपयोग आहे. तुम्ही झाडाजवळ गेलाय आणि मोहोळावर सारख्या लाटा उठायला लागल्या, तर त्या माशा कशानं तरी अस्वस्थ आहेत, कदाचित तुमच्यामुळंच, तिथनं गुपचूप मागं फिरा. हात झाडू नका, पळू नका, नुसतं मागं या. त्या टप्प्यावर अजून काही बिघडलेलं नसतं.

आग्या उगीच अंगावर येत नाही, हे मी कुणाशीही भांडून सांगेन. प्रत्येक वेळी काहीतरी कारण असतं, फक्त आपल्याला ते दिसलेलं नसतं. सगळ्यात जास्त न दिसणारं कारण म्हणजे मोहोळ घार. ती मोठी घार मोहोळावर झेप घालते, पायानं पोळ्याचा तुकडा तोडून नेते, आतल्या अळ्या खाते. तिला काही होत नाही, तिची पिसं दाट, तोंडावरची तर खवल्यासारखी असतात, ती खाऊन निघून जाते आणि पिसाळलेल्या माशा खाली जे कुणी असेल त्याच्यावर तुटून पडतात. खालचा माणूस म्हणतो मी तर काहीच केलं नव्हतं, आणि ते खरंच असतं. मग पोरांनी मारलेला दगड, गोफणीचा खडा. मग धूर. आणि हल्ली नवीन म्हणजे ड्रोन, उसावर फवारणीला ड्रोन यायला लागलेत, त्या पंख्यांचा आवाज आणि वारं मोहोळाच्या जवळनं गेलं तर काय होईल ते सांगायला नको, ड्रोनवाल्याला आधी झाड दाखवा. गवत कापायचं मशीन, वरातीचे फटाके, डॉल्बी, हे सगळं त्यांच्यासाठी हादराच. गडावर दरवर्षी पर्यटकांना माशा चावल्याच्या बातम्या येतात, त्यात बऱ्याचदा कुणीतरी खाली चूल नाहीतर शेकोटी पेटवलेली असते, नाहीतर कुणीतरी काहीतरी फेकलेलं असतं.

आणि आपल्याकडचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे पाचट. ऊस गेला की फडातलं पाचट पेटवायचं ही सवय आपल्या हाडात गेलीय. काही ठिकाणी तोडीच्या आधीच उभ्या उसाला आग लावतात. त्या आगीचा झोत आणि धुराचा लोट सरळ वर जातो, बांधावरच्या झाडाला लागतो. मध काढणारे लोक धूर करतात तो थोडा, थंड, हळूहळू सोडलेला असतो, त्यानं माशा शांत होतात. पाचटाचा धूर तसा नसतो, तो गरम असतो, त्यानं मोहोळ शांत होत नाही, उठतं. पाचट कुजवलं तर जमिनीला चांगलं हे सगळ्यांना तोंडपाठ आहे, कृषी खातं सांगून दमलं, पण ज्यांच्या बांधावर मोहोळ आहे त्यांनी निदान त्या बाजूचं तरी पेटवू नका.

आता मला जे खरं सांगायचंय ते. काही वर्षांपूर्वी आमच्या पलीकडच्या फडात तोड चालू होती. बीडकडची गाडीवानांची टोळी होती, बैलगाड्या घेऊन आलेली. ही माणसं येतात तेव्हा त्यांना आपलं शिवार माहीत नसतं, कुठल्या झाडावर काय आहे, कुठली पाणंद कुठं जाते, काही माहीत नसतं, रात्रीच्या अंधारात फडावर येतात आणि कामाला लागतात. बाईमाणसं बाळाची झोळी बांधायला सावलीचं झाड बघतात आणि सावलीचं झाड म्हणजे विहिरीवरचंच. त्या दिवशी सकाळीच मामांनी जाऊन सांगितलं होतं म्हणून झोळी उंबराला न बांधता लांब बाभळीला बांधली होती. बैल मात्र पाण्यासाठी विहिरीजवळ आणून तिथंच बांधले होते कुणीतरी नंतर.

दुपारी घार आली. मी मागच्या दारात होते, मला फांदीवरनं काहीतरी काळं सुटल्यासारखं दिसलं आणि मग आवाज बदलला. तो रोजचा आवाज नव्हता. मामा ओरडले, पळा, घरात या, तोंड झाका. झोळीतलं बाळ घेऊन त्याची आई पळत आली, पदरात त्याला पूर्ण गुंडाळून, स्वतःचं तोंड उघडं. बाकीचे फडातनं आले. आम्ही सगळे आत घेतले, दारं लावली, लाइट बंद केली, फक्त एका खिडकीतनं उजेड ठेवला, म्हणजे केसांत-कपड्यांत अडकून आत आलेल्या माशा त्या खिडकीकडं जातात, माणसांना सोडतात. आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, एकेकाच्या मानेवरचे, कानामागचे काटे नखानं खरवडून काढत होत्या. माणसं वाचली सगळी. बाळाला दोनच चावल्या होत्या, त्याच्या आईला कितीतरी, तिला आणि अजून दोघांना दवाखान्यात नेलं, रात्रभर ठेवून घेतलं. पण बैल बांधलेले होते. एकानं कासरा तोडला आणि सुटला. दुसरा तिथंच उभा. अंधार पडेपर्यंत कुणाला जवळ जाता आलं नाही, जनावरांचे डॉक्टर आले, सलाईन लावलं, इंजेक्शनं दिली, तो सकाळपर्यंत राहिला नाही.

गाडीवानाचा बैल जाणं म्हणजे काय ते आपल्याला ऊस घालणाऱ्यांना कळलं पाहिजे. टोळीच्या मुकादमाकडनं उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, ती फेडायची असते कामातनं, आणि एका बैलावर गाडी चालत नाही. आम्ही आजूबाजूच्या मळ्यांतल्या लोकांनी वर्गणी काढली, त्यात बैल येईल एवढे पैसे झाले नाहीत पण थोडा हातभार लागला. तेव्हापासून मला कुणी मोहोळाचं विचारलं की मी आधी विचारते, तुमच्याकडं तोडीला कोण येणार आहे, त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, कुठं पडणार आहेत, बैल कुठं बांधणार आहेत.

हल्ला झालाच तर काय करायचं हे घरातल्या प्रत्येकाला, लहान पोरांनासुद्धा आधीच माहीत पाहिजे, त्या वेळी विचार करायला वेळ नसतो. तोंड, डोळे, नाक झाकायचं, टॉवेल, पदर, शर्ट वर ओढून, काहीही, कारण माशा तोंडाकडंच येतात, श्वास आणि केस त्यांना खेचतात. सरळ पळायचं, बंद घरात किंवा काचा लावलेल्या गाडीत. थांबून हात मारायचे नाहीत. आग्या शंभर-दोनशे मीटरवर सोडून देईल असं धरून चालू नका, ती त्याहून लांब येते. आणि विहिरीत, कॅनॉलमध्ये, नदीत उडी मारू नका, हे मला मोठ्यानं सांगायचंय कारण आपल्याकडं पोहणारी पोरं पहिलं तेच करतात. माशा पाण्यावर घिरट्या घालत थांबतात, डोकं वर काढलं की डोक्यालाच चावतात, त्यात दम लागलेला असतो आणि माणूस बुडतो. कुणी पडलेला असेल तर त्याच्यावर घोंगडं, ताडपत्री, वाकळ जे मिळेल ते टाका, पण टाकणारा स्वतः झाकलेला पाहिजे, नाहीतर एकाचे दोन होतात.

माशी मारली की जास्त का येतात ते पण समजून घ्या. चावताना ती एक वास सोडते, पिकलेल्या केळ्यासारखा वास, त्या वासावर बाकीच्या येतात आणि त्याच जागी चावतात. माशी चिरडली तरी तोच वास सुटतो. म्हणून मोहोळाच्या जवळ चावली तर तिथं उभं राहून झटकत बसायचं नाही, आधी लांब जायचं, मग ती जागा साबणानं धुवायची. आणि काटा लगेच काढायचा. मधमाशीच्या काट्याला उलटी दातरी असते, तो आपल्या कातडीत राहतो, त्याच्यासोबत विषाची पिशवी पण राहते आणि ती माशी नसली तरी विष आत ढकलत राहते. त्यामुळं चिमट्यानं काढू का कार्डानं काढू ह्यात वेळ घालवू नका, नखानं खरवडा, जेवढ्या लवकर तेवढं बरं.

आत्ती लोखंडी किल्ली घासायच्या, चुना लावायच्या. किल्ली घासल्यानं काही वाईट होत नाही, पण चुन्यानं कातडी भाजते आणि माती तर अजिबात लावू नका, जखमेत माती म्हणजे धनुर्वाताला आमंत्रण. बर्फ लावा, कापडात गुंडाळून. एक-दोन चावल्या, नुसती सूज आणि खाज आहे, तर घरी थांबून लक्ष ठेवलं तरी चालतं. पण चावल्यावर थोड्याच वेळात अंगभर गांध्या उठल्या, ओठ-जीभ सुजली, आवाज बसला, दम लागला, उलटी झाली, चक्कर आली, तर ती अ‍ॅलर्जीची मोठी रिअ‍ॅक्शन आहे आणि ती एका माशीनं पण होऊ शकते. त्या वेळी घरातली सेट्रिझिनची गोळी देऊन वाट बघत बसायचं नाही, १०८ ला फोन लावा नाहीतर जी गाडी असेल ती काढा. तिथं मांडीत अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन देतात, जीव वाचवणारं औषध तेच. आमच्या जवळच्या सरकारी दवाखान्यात मी सीझनच्या सुरुवातीलाच जाऊन विचारून येते, इंजेक्शन आहे का, रात्री कोण असतं, तुम्ही पण विचारून ठेवा.

आणि ज्याला भरपूर चावल्यात, पन्नास, शंभर, त्याला अ‍ॅलर्जी नसली तरी दवाखान्यात न्यायचंच. तो बोलतोय, चालतोय, चहा पितोय म्हणून घरी ठेवू नका. एवढ्या विषानं अंगातले स्नायू आणि रक्तातल्या पेशी फुटायला लागतात, त्याचा भार किडनीवर येतो, आणि हे लगेच दिसत नाही, दुसऱ्या दिवशी, कधी त्याच्याही नंतर दिसतं. लघवी कमी झाली किंवा लालसर काळपट व्हायला लागली तर ते फार वाईट लक्षण. लहान मुलांना तर कमी डंखांनी पण हे होतं, कारण वजन कमी. डॉक्टर रक्त-लघवी तपासतात, सलाईन लावतात, एक दिवस ठेवून घेतात, त्याला नाही म्हणू नका.

जाळायचं का, ह्याचं उत्तर नाही. रात्री टेंभा लावून, डिझेलचा बोळा पेटवून मोहोळ जाळणारे लोक आपल्या भागात अजून आहेत. मी एकदा पलीकडच्या वस्तीवर जाळलेलं मोहोळ सकाळी बघितलं. खाली पंख जळालेल्या माशांचा थर, त्यातल्या कितीतरी जिवंत, सरपटणाऱ्या, आणि पांढऱ्या अळ्या सांडलेल्या, मेण वितळून बुंध्यावर ओघळलेलं. पंख नसलेली माशी पण चावते, अनवाणी पायाला चावते. आणि ज्या वाचल्या त्या दोन-तीन दिवस त्याच फांदीभोवती पिसाळून फिरत होत्या, त्या वस्तीवर कुणाला अंगणात येता येईना. जाळून संकट संपत नाही, पसरतं. औषध फवारून मारणं त्याहून वाईट वाटतं मला, कारण मेलेल्या माशा विहिरीत पडतात, आणि पोळ्यातला विषारी मध कुणीतरी पोरं खातात.

आणि त्या माशा आपलं किती काम करतात. परड्यातली दोडकी, कारली, दुधी, भोपळे, ह्यांना माशी लागतेच, नर फूल वेगळं आणि मादी फूल वेगळं, कुणीतरी पराग नेल्याशिवाय फळ धरत नाही. बांधावरचा शेवगा, आंबा, तूर, सूर्यफूल, सगळ्याला त्यांचा हात लागतो. आग्या लांबवर फिरते, चांदण्या रात्री सुद्धा फुलांवर जाते, राधानगरी-दाजीपूरच्या जंगलातल्या झाडांचं बी धरायला ती लागते. उसाला तिची गरज नाही हे खरं, आणि म्हणूनच कदाचित आपण उसाच्या पट्ट्यातले लोक तिला जाळायला पटकन तयार होतो. गुऱ्हाळावर येतात ह्या माशा, काकवीच्या डब्याभोवती, चिकटून मरतात बिचाऱ्या. ज्यांचं गुऱ्हाळ आहे त्यांनी काकवीचे डबे झाकून ठेवले, सांडलेला रस धुवून काढला तरी त्यांचं मरण आणि गुळव्याचा त्रास दोन्ही कमी होईल.

काही ठिकाणी मात्र मोहोळ हलवावंच लागतं, मी नाही म्हणत नाही. अंगणवाडीच्या दारावर, शाळेच्या जिन्यात, दवाखान्याच्या टाकीखाली असेल तर तिथं थांबण्यात अर्थ नाही. पण ते काम माहितगार माणसाचं. पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे, महाबळेश्वरला खादी ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे, तिथं शिकून आलेले लोक आपल्या जिल्ह्यात आहेत, जिल्ह्याच्या ग्रामोद्योग कार्यालयात विचारलं तर कळतं. ते अंगभर पोशाख घालून, अंधार पडल्यावर येतात, थोडा थोडा धूर देऊन माशा बाजूला करतात. बॅटरीला लाल कागद लावतात, कारण मधमाशीला लाल रंग दिसत नाही, पांढऱ्या उजेडावर मात्र ती सरळ येते. आणि नुसता मध काढायचा असेल तर त्यांना सगळं पोळं कापायची गरजच पडत नाही, मध वरच्या बाजूला, फांदीला धरून एका कडेच्या जाड भागात असतो, तेवढाच कापून घेतात आणि अळ्यांचा भाग तसाच ठेवतात, माशा परत भरून काढतात. आमच्याकडं हल्ली असाच मध काढतात, माशा त्याच मोहोळावर राहतात. पूर्वी सगळं पोळं तोडून, अळ्यांसकट कपड्यात पिळायचे, तो मध टिकत पण नाही, आंबतो. कुणी पेस्ट कंट्रोलवाला भर दिवसा येऊन स्प्रे मारून जातो म्हणाला तर त्याला दारातनंच परत पाठवा, आजूबाजूला किती घरं आहेत त्याचा विचार तो करत नाही, तो पैसे घेऊन निघून जातो.

आम्ही घरी काय करतो ते सांगते. दसऱ्यानंतर जनावरं विहिरीकडं बांधत नाही, गोठा दुसऱ्या अंगाला आहे, आणि जिथं बांधतो तिथं सरकगाठ मारतो, एक टोक ओढलं की सुटेल अशी. मागच्या दाराचा पांढरा बल्ब काढून पिवळा मंद लावलाय, कारण रात्री माशा उजेडावर येऊन पडतात आणि सकाळी पोरांच्या पायाखाली येतात. मोटर चालू-बंद करायचा स्टार्टर विहिरीवर होता तो मामांनी घराच्या भिंतीला आणून घेतला, खर्च झाला थोडा, पण आता रोज झाडाखाली जावं लागत नाही. खिडक्यांना जाळ्या आहेत. पाणंदीच्या तोंडाला पत्र्यावर लाल अक्षरात लिहिलंय, पुढं आग्यामोहोळ आहे, धूर करू नये, झाडाखाली थांबू नये. वाचता न येणाऱ्यांसाठी माशीचं चित्र काढलंय मोठं, ते आमच्या धाकट्यानं काढलंय.

आणि तोडीच्या आधी मुकादमाला फोन. कारखान्याच्या चिठ्ठीबॉयकडनं तोडीची तारीख कळली की त्याच दिवशी मुकादमाचा नंबर घ्यायचा आणि सांगायचं की आमच्या फडाला लागून मोहोळ आहे, टोळी आली की आधी आमच्या घरी या, झाड दाखवतो. सकाळी उजेड पडला की त्यांच्यातल्या बायकांना पण सोबत घेऊन जायचं, नुसतं पुरुषांना सांगून भागत नाही, कारण झोळी कुठं बांधायची ते त्या ठरवतात आणि चूल कुठं मांडायची ते पण त्याच. बैल बांधायला दुसरी जागा आणि पाण्याचं पिंप आपण द्यायचं, नुसतं तिथं बांधू नका म्हणून होत नाही, मग कुठं बांधायचे ते दाखवायला लागतं. आमच्या घराचं मागचं दार त्या दिवसांत आम्ही कडी न लावता ठेवतो आणि ते त्यांना सांगून ठेवतो, काही झालं तर विचारत बसू नका, सरळ आत या. यंदा आमच्या बाजूला तोड पौषात येईल असं दिसतंय. पिंप मी आत्ताच धुवून बाभळीखाली नेऊन ठेवलंय, मुकादमाचा नंबर अजून मिळायचाय.